ऑर्केस्ट्राने कुणाचं मीठ खाल्लं?

१ एप्रिल १८८२ रोजी हंगेरीतल्या तिसाएसलार या खेड्यातून एस्तर शोयमोशी नावाची चौदा वर्षांची मुलगी नाहीशी झाली. ती एका घरी मोलकरीण होती. मालकिणीने रंग आणायला पाठवलं, ती दुकानात गेली आणि परत आलीच नाही. काही दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली की ज्यूंनी सणासाठी तिचा बळी दिला. मध्ययुगापासून युरोपभर हिंडत असलेली ही अफवा यावेळी थेट न्यायालयात पोचली. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या, सेवेकऱ्याचा मुलगा मोरित्स शार्फ याला तपास अधिकाऱ्यांनी घरच्यांपासून तोडलं, धाकात ठेवलं आणि त्याच्याकडून स्वतःच्या बापाविरुद्ध साक्ष वदवून घेतली. कुलपाच्या भोकातून आपण सगळं पाहिलं, असं हा पोरगा सांगत राहिला. न्यायाधीशांनी जागेवर जाऊन पाहिलं, तेव्हा त्या भोकातून तसलं काही दिसू शकत नाही हे उघड झालं. ऑगस्ट १८८३ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. तरी निकालानंतर देशात ठिकठिकाणी ज्यूंच्या दुकानांवर हल्ले झाले.

पुढे १३० वर्षांनी, एप्रिल २०१२ मध्ये, योब्बिक या अतिउजव्या पक्षाच्या एका खासदाराने हंगेरीच्या संसदेत उभं राहून हेच प्रकरण पुन्हा उकरलं आणि निर्दोष सुटलेल्या माणसांवर नव्याने संशयाची राळ उडवली. ऑक्टोबर २०१३ मध्ये बुडापेस्टच्या मिलेनारिश सभागृहात एक नवा ऑपेरा रंगमंचावर आला. विषय तिसाएसलारचा, नाव ‘लाल गाय’. संगीत इवान फिशर यांचं. जग त्यांना कंडक्टर, म्हणजे ऑर्केस्ट्राचा संचालक, म्हणून ओळखतं, पण संगीतरचना ते विद्यार्थिदशेपासून शिकले होते. हंगेरियन लोकसंगीत, ज्यू सुरावटी आणि जुन्या ऑपेराची ढब असं सगळं या रचनेत एकमेकांना धक्के देत वावरतं. तिच्या केंद्रस्थानी तो मुलगा, मोरित्स, आहे. बहुसंख्यांनी आपल्याला आपलं म्हणावं म्हणून बापाला नाकारणारा मुलगा. देशभक्त लायोश कोशूतही त्यात आहे. खऱ्या इतिहासातही वृद्ध कोशूतने इटलीतल्या तूरिनमधल्या विजनवासातून या खटल्याचा निषेध केला होता, आणि हंगेरियन राष्ट्रवादाच्या सर्वांत मोठ्या नायकाची ती भूमिका आजच्या राष्ट्रवाद्यांपुढे ठेवणं हा फिशर यांच्या निवडीतला मला सर्वांत धाडसी भाग वाटतो.

हा माणूस जो ऑर्केस्ट्रा चालवतो तो, बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा, बुडापेस्ट शहराच्या आणि हंगेरी सरकारच्या अनुदानावर उभा राहिला. २०१६ मध्ये बुडापेस्टच्या नगर परिषदेने त्याचं वार्षिक अनुदान २६ कोटी फोरिंटवरून ६ कोटींवर आणलं. तेव्हाच्या भावाने कापलेली रक्कम साडेसहा लाख युरोंच्या आसपास होते. महापौर इश्तवान तार्लोश हे तेव्हाचे पंतप्रधान विक्टर ऑर्बान यांच्या फिदेस पक्षाच्या पाठिंब्यावर निवडून आलेले. फिशर तर देशातला ज्यूद्वेष, रोमा (जिप्सी) समाजाबद्दलचा तिरस्कार आणि सरकारची असहिष्णुता यांवर देशात आणि परदेशात उघडपणे बोलत होते. दोन्ही गोष्टींची सांगड लोकांनी लगेच घातली.

सार्वजनिक पैसा घेणाऱ्या कलावंताने सरकारविरुद्ध बोलावं का? बोलल्यावर पैसा कमी झाला तर त्याने तक्रार करावी का? माझ्या मते पहिल्या प्रश्नाचं उत्तर निःसंदिग्ध ‘हो’ आहे. दुसऱ्याचंही. आणि फिशर यांची कारकीर्द नीट पाहिली, तर या उत्तरांमागचं कारण कुठल्याही सैद्धांतिक चर्चेपेक्षा स्पष्ट दिसतं.

इवान फिशर १९५१ मध्ये बुडापेस्टला एका संगीतप्रेमी ज्यू घरात जन्मले. थोरले भाऊ आदाम हेही नामवंत कंडक्टर. इवान पियानो, व्हायोलिन, चेलो आणि रचना शिकले, मग व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्की यांच्या हाताखाली गेले. मुंबईचे झुबिन मेहता १९५० च्या दशकात याच स्वारोव्स्कींकडे शिकले होते. १९५६ चा हंगेरीतला उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले, तेव्हा विद्यार्थी असलेल्या मेहतांनी सोबत्यांचा ऑर्केस्ट्रा जमवून व्हिएन्नाबाहेरच्या छावणीत हंगेरियन निर्वासितांसाठी कार्यक्रम केला होता. फिशर तेव्हा पाच वर्षांचे, बुडापेस्टमध्ये. १९७६ मध्ये लंडनची एक मोठी कंडक्टिंग स्पर्धा जिंकल्यावर त्यांना पश्चिमेतली दारं उघडी झाली.

या टप्प्यावर हंगेरियन कंडक्टरने काय करायचं, याचा जणू दंडकच ठरलेला होता. फ्रिट्झ राइनर, जॉर्ज सेल, यूजीन ऑर्मंडी, अंताल दोराती, जॉर्ज शोल्टी. विसाव्या शतकात अमेरिकेचे आणि ब्रिटनचे बडे ऑर्केस्ट्रा ज्यांनी घडवले त्यांतले इतके जण हंगेरीत जन्मलेले आणि सगळेच बाहेर गेलेले. कुणी चांगल्या संधीसाठी गेला, कुणी जीव वाचवण्यासाठी. शोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात पहिल्यांदा कंडक्टर म्हणून उभे राहिले ते मार्च १९३८ मध्ये, हिटलरने ऑस्ट्रिया गिळली त्याच सुमारास. लवकरच ज्यूविरोधी कायदे आले आणि पुढच्या वर्षी ते स्वित्झर्लंडला गेले. बेला बारतोक ज्यू नव्हते. तरी तेही १९४० मध्ये अमेरिकेला गेले आणि १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. निघण्यापूर्वी त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं की बुडापेस्टमधल्या दोन चौकांना हिटलर आणि मुसोलिनी यांची नावं आहेत तोवर, आणि हंगेरीत कुठेही त्यांच्या नावाचा रस्ता वा चौक आहे तोवर, माझं नाव या देशातल्या कुठल्याही रस्त्याला देऊ नये.

फिशर मात्र परत आले. १९८३ मध्ये पियानोवादक झोल्तान कोचिश यांच्यासह त्यांनी बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा स्थापन केला, तोही कम्युनिस्ट राजवटीत, जिथे वादक सरकारी नोकर होते आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे कचेरी झाली होती. सुरुवातीला वर्षाला मोजकेच कार्यक्रम व्हायचे. १९९२ पासून तो कायमस्वरूपी झाला. २००८ मध्ये ‘ग्रामोफोन’ या ब्रिटिश मासिकाने जगातल्या उत्तम ऑर्केस्ट्रांची यादी केली, तेव्हा शंभर-दीडशे वर्षं जुन्या संस्थांच्या रांगेत पंचवीस वर्षांचा हा ऑर्केस्ट्रा नवव्या स्थानावर होता. व्हिएन्ना, बर्लिन, ॲम्स्टरडॅमच्या मागे धावण्याऐवजी फिशर यांनी वादकांना चेंबर संगीत, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं संगीत, वाजवायला लावलं, जुनी वाद्यं हाताळायला लावली, अगदी गायलाही लावलं. टाळ्यांनंतर पुन्हा वाजवण्याऐवजी अख्खा ऑर्केस्ट्रा वाद्यं खाली ठेवून समूहगान करतो. मला त्यात चमत्कृती दिसत नाही. जो वादक स्वतः गातो त्याच्या वाजवण्यात श्वास येतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही तंतकाराला समजावून सांगावं लागणार नाही.

पण सार्वजनिक पैशाच्या प्रश्नात याहून महत्त्वाचं आहे ते या ऑर्केस्ट्राचं तिकिटाच्या पलीकडचं काम. ‘हे तुमचं बीथोव्हेन-माह्लर श्रीमंतांचं करमणूक-खातं आहे, कामगाराने त्याचा खर्च का उचलावा?’ हा आक्षेप मी खोटा मानत नाही. ज्या संस्थेकडे त्याचं उत्तर नाही तिने अनुदान मागताना जरा थांबावं. फिशर यांच्याकडे उत्तर आहे. लहान मुलांसाठी ‘कोको’चे कार्यक्रम आहेत, संगीतानंतर मुलांना गरम कोको मिळतो आणि कंडक्टर स्वतः त्यांच्याशी बोलतो. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी त्यांचीच निराळी आवृत्ती आहे. तरुणांसाठी मध्यरात्रीचे कार्यक्रम आहेत. तिथे श्रोते वादकांच्या मधोमध, जमिनीवरच्या मऊ गाद्यांवर बसतात. बुडापेस्टच्या हीरोज चौकात रोमा आणि बिगर-रोमा शाळांमधली शेकडो मुलं या ऑर्केस्ट्राच्या वादनावर एकत्र नाचली आहेत. शाळा आहेत, वृद्धाश्रम आहेत, छोट्या गावांतली चर्च आहेत.

आणि ओसाड सिनेगॉग आहेत. हे जरा सविस्तर सांगायला हवं. १९४४ च्या मे ते जुलै या जेमतेम आठ आठवड्यांत हंगेरीच्या ग्रामीण आणि निमशहरी भागातून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना मालगाड्यांत कोंबून नेलं गेलं, बहुतेकांना आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीला. हुकूम जर्मनांचा असला, तरी याद्या करणारे, घरांतून बाहेर काढणारे आणि गाड्यांत भरणारे हात मुख्यतः हंगेरियन पोलिसांचे आणि कारकुनांचे होते. त्यानंतर शेकडो गावांत सिनेगॉग उरली, माणसं उरली नाहीत. कुठे त्यांचं गोदाम झालं, कुठे छप्पर पडलं. फिशर आपला ऑर्केस्ट्रा घेऊन अशा गावांत जातात आणि गावकऱ्यांना विनामूल्य बोलावतात. ही इमारत कसली, इथे कोण राहायचं हे थोडक्यात सांगितलं जातं आणि मग संगीत सुरू होतं. येणाऱ्यांत त्या रिकाम्या घरांत पुढे राहायला आलेल्यांची नातवंडंही असणार. कुणावर आरोप न करता, शेजाऱ्याची आठवण त्याच्याच वास्तूत जागी करायची. एखाद्या मंत्रालयाने सामाजिक सलोख्याची दहा वर्षांची योजना आखली, तरी याहून नेमकं काही तिला सुचणार नाही. आणि या कार्यक्रमांना तिकीट नसतं. म्हणजे ते फक्त अनुदानातून आणि देणग्यांतूनच होऊ शकतात. परदेश दौऱ्यांना मानधन मिळतं, तिथे ऑर्केस्ट्रा कसाही तगेल. अनुदान आटलं की आधी धोक्यात येतं ते खेड्यातलं सिनेगॉग आणि मुलांचा कोको. म्हणजे शिक्षा फिशर यांना करायला गेलं, तरी ती भोगतात तिसा नदीकाठचे गावकरी.

आपल्याकडे अशा वेळी खाल्ल्या मिठाला जागण्याची गोष्ट निघते. जरूर निघावी. फक्त मीठ कुणाचं, ते आधी ठरवू. २६ कोटी फोरिंट महापौरांच्या वडिलोपार्जित तिजोरीतून आले नव्हते. ते बुडापेस्टच्या करदात्यांचे होते. त्यांत फिदेसला मत देणारे होते, विरोधात देणारे होते आणि मत न देणारेही. मिठाला जागायचं असेल, तर या सगळ्यांशी प्रामाणिक राहावं लागेल. आणि संसदेत एका खुनाच्या जुन्या अफवेला नवं बळ मिळत असताना गप्प बसणं हा त्यांच्याशी केलेला प्रामाणिकपणा कसा ठरेल? ज्याला कला-संस्कृतीसाठीचं देशाचं सर्वोच्च कोशूत पारितोषिक २००६ मध्ये मिळालं, तो कोशूतच्याच भूमिकेची आठवण देशाला करून देतो, यात मला तरी मिठाशी बेइमानी दिसत नाही.

महापौरांच्या बाजूने जे म्हणता येईल त्यात तथ्य आहे, म्हणून तेही पाहू. पैसा कुठे घालायचा हे ठरवण्यासाठीच लोकांनी नगर परिषद निवडलेली असते. बुडापेस्टमध्ये दुसरेही ऑर्केस्ट्रा आहेत, त्यांच्याही गरजा आहेत. फेस्टिव्हल ऑर्केस्ट्राला राज्याच्या तिजोरीतून वेगळी मदत मिळत होतीच. कुठल्याही संस्थेचा अनुदानावर जन्मसिद्ध हक्क नसतो. आणि फिशर यांची टीका व ही कपात यांचा संबंध सिद्ध करणारा कागद कुणी दाखवू शकत नाही. हे सगळं मान्य.

पण या शेवटच्या मुद्द्यातच माझं खरं म्हणणं आहे. असा कागद कधी निघतच नसतो. रक्कम अधिकाऱ्याच्या मर्जीने वाढते आणि मर्जीने कमी होते, तिथे कारण लिहिण्याची गरज कुणाला पडत नाही आणि कारण नाकारण्याची सोय सगळ्यांना राहते. मग पुरावा लागत नाही, शंका पुरते. फिशर यांना कपातीने गप्प केलं नाही. ते २०१२ ते २०१८ बर्लिनच्या कॉन्त्सर्टहाउस ऑर्केस्ट्राचे मुख्य कंडक्टर होते. त्यांना जगभर मागणी आहे. पण हंगेरीतल्याच मिश्कोल्त्स किंवा सेगेद शहरातल्या नाट्यगृहाचा संचालक वर्तमानपत्रात ही बातमी वाचतो, तेव्हा त्याला जे समजायचं ते समजतं. त्याच्याकडे बर्लिन नाही. जगप्रसिद्ध माणसाचं असं होतं, तर आपलं काय? पुढच्या मोसमात कुठलं नाटक घ्यायचं नाही, कुठल्या पत्रकावर सही करायची नाही, हे कुणी न सांगता त्याचं ठरतं. अशा न झालेल्या नाटकांची नोंद कुठल्याच दप्तरात सापडत नाही, आणि मला ह्या कपातीचा सर्वांत मोठा तोटा तोच वाटतो.

हंगेरीतल्या मोठ्या संगीतकारांनी या काळात तीन वेगळे रस्ते धरले. पियानोवादक आंद्राश शिफ यांनी २०११ मध्ये सरकारविरुद्ध लिहिलं, त्यांच्यावर गलिच्छ शब्दांचा मारा झाला आणि त्यांनी मायदेशात वाजवणं थांबवलं. आदाम फिशर यांनी २०१० मध्येच सरकारी ऑपेराचं संगीत संचालकपद सोडलं. इवान फिशर थांबले, अनुदान घेत राहिले आणि बोलतही राहिले. शिफ यांचा नकार मी मनापासून मानतो, त्यामागे बारतोकच्या मृत्युपत्राचा वारसा आहे. पण एकटा पियानोवादक दूर राहू शकतो, ऑर्केस्ट्राला तसं करता येत नाही. त्याला वादक आहेत, त्यांची घरं आहेत, कोको पिणारी मुलं आहेत. ज्यांना सरकार आवडत नाही असे सगळेच निघून गेले, तर उरलेल्या लोकांसाठी कोण वाजवणार? थांबणाऱ्याला दोन्हीकडून टोचून घ्यावं लागतं. सत्ताधारी त्याला कृतघ्न म्हणतात आणि बाहेर गेलेले त्याला तडजोडवादी. मला हा रस्ता तिघांत सर्वांत अवघड आणि समाजाच्या सर्वांत उपयोगाचा वाटतो.

मात्र तो धाडसी माणसांच्या भरवशावर सोडणं अन्यायाचं आहे. त्यासाठी व्यवस्था लागते, आणि अशी व्यवस्था शोधून काढायची गरज नाही. ब्रिटनने १९४६ मध्ये आर्ट्स कौन्सिल स्थापन केलं, त्यामागचं तत्त्व हेच होतं: सरकारने एकूण रक्कम ठरवावी, कुणाला किती ते सरकारपासून हातभर अंतरावरच्या मंडळाने. हंगेरीनेही कम्युनिस्ट राजवट पडल्यावर १९९३ मध्ये तज्ज्ञ समित्यांमार्फत पैसे वाटणारा राष्ट्रीय सांस्कृतिक निधी उभारला. २००९ पासून तर कंपन्यांना आपल्या करातला काही भाग आपल्या पसंतीच्या नाट्यगृहाला वा ऑर्केस्ट्राला देता येत होता, आणि ही रक्कम संस्थेच्या तिकीट विक्रीशी जोडलेली होती. म्हणजे श्रोते किती येतात यावर मदत ठरे, मंत्र्याच्या मर्जीवर नाही. त्या योजनेत गैरव्यवहार झाले, खोटी तिकिटं दाखवली गेली, हे खरं. सरकारने मात्र भोकं बुजवण्याऐवजी २०१८ च्या अखेरीस प्रयोगकलांसाठी ती योजनाच बंद केली आणि मदतीचा निर्णय पुन्हा आपल्या हाती घेतला. खेळांसाठी तशीच करसवलत चालू राहिली. त्याआधी, २०११ मध्ये, सरकारच्या विचारांशी जवळीक असलेल्या एका कलावंत संघटनेला कला अकादमी म्हणून थेट नव्या राज्यघटनेत स्थान मिळालं होतं. हे सगळं जोडून पाहिलं, की २०१६ ची कपात एकट्या महापौरांचा रुसवा राहत नाही.

खाजगी देणगीदारांकडे जा, असं कुणी म्हणेल. अमेरिका त्याच वाटेने चालते. फिशर २००८ ते २०१० वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राचे मुख्य कंडक्टर होते. हा ऑर्केस्ट्रा केनेडी सेंटरच्या छत्राखाली चालतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्या सेंटरचे विश्वस्त बदलले आणि स्वतः अध्यक्ष झाले. देणग्यांच्या भिंतीमागेही सत्ता पोचते. शिवाय बुडापेस्टसारख्या शहरात बड्या देणगीदारांची मोठी कंत्राटं सरकारकडेच असतात, त्यामुळे ते सरकारपेक्षाही लवकर घाबरतात.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार अनोळखी वाटू नये. १९९६ मध्ये पु. ल. देशपांडे यांना पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. त्यांनी तेव्हाच्या राज्यकर्त्यांच्या ठोकशाहीच्या भाषेबद्दल खंत व्यक्त केली आणि त्यांना पुरस्कार दिला हीच चूक झाली, असं सत्तेच्या सर्वोच्च वर्तुळातून जाहीरपणे ऐकवण्यात आलं. पुरस्कार महाराष्ट्राचा होता, रक्कम महाराष्ट्राची होती, पण बोलण्यातला सूर खाजगी उपकाराचा होता. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने एका अनुवादाला जाहीर झालेला वाङ्मय पुरस्कार शासन निर्णय काढून रद्द केला आणि निवड करणारी समितीही बरखास्त केली. त्यानंतर काही साहित्यिकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. दोन्ही वेळी सत्तेत वेगवेगळी माणसं होती. पक्ष बदलून हा प्रश्न सुटत नाही, तो पैसा कुठल्या नियमाने वाटला जातो तिथेच सोडवावा लागतो.

म्हणून मागणी साधी ठेवावी. अनुदानाचा करार किमान चार-पाच वर्षांचा, म्हणजे एका निवडणुकीच्या पलीकडे जाणारा असावा. निकष छापील असावेत: किती कार्यक्रम, किती विनामूल्य, किती शाळा, किती गावं. कपात करायची तर एक वर्ष आधी, लेखी कारणासह, आणि त्या कारणाला आव्हान देता येईल अशा मंडळापुढे. संस्थेच्या प्रमुखाने बाहेर काय बोललं हा निकष नसावा, आणि तो नसल्याचं करारात लिहिलेलं असावं. उलट बाजूनेही तितकाच काटेकोर हिशोब हवा. निकष पाळले नाहीत, तर सरकारचा लाडका असो की टीकाकार, पैसा थांबावा. फिशर यांचा ऑर्केस्ट्रा अशा परीक्षेत कुठेही मागे पडला नसता.

फिशर आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. २०२० मध्ये सभागृहं बंद पडल्यावर मार्चपासूनच त्यांच्या वादकांनी संध्याकाळी इंटरनेटवर चेंबर संगीत सुरू केलं, आणि २०२२ मध्ये श्रोत्यांच्या मतांवर ‘ग्रामोफोन’चा सर्वोत्तम ऑर्केस्ट्राचा पुरस्कारही त्यांनी मिळवला. पण कधीतरी हा ऑर्केस्ट्रा दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल. ती व्यक्ती बहुधा तरुण असेल, कमी प्रसिद्ध असेल, तिच्यामागे बर्लिन नसेल आणि तिच्या अनुदानात कपात झाली तर लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत बातमी येणार नाही. अनुदानाचे नियम बनवताना डोळ्यांपुढे ठेवायचं ते तिला.